सहा काचा

तुळशीच्या ओट्याला टेकवून पाच काचा उन्हात मांडल्या होत्या, आणि पाचही आरपार स्वच्छ होत्या.

शकुन फाटकातून आत आली तेव्हा मागे वळून अय्युबमियाँशी बोलत होती. फोटोच्या काचा भरलेल्या स्लाइडी ट्रंकेतच आहेत, बारा दिवस ट्रंक गोठ्यात पडून आहे, बाबांचं सुतक फिटेपर्यंत पंजाबकाकांनी कोणाला तिकडे फिरकू दिलं नाही, असं ती सांगत होती. ते वाक्य तिनं पूर्णही केलं. मग तिची नजर ओट्याकडे गेली आणि एक चप्पल काढलेली, एक पायात, अशी ती जागच्या जागी थांबली.

अय्युबमियाँनीही ओट्याकडे पाहिलं. अमरावतीत तीस वर्षं फोटोचं दुकान चालवलेल्या माणसाला साडेसहा बाय साडेआठची काच लांबूनही ओळखू येते. त्यांनी हातातली पिशवी हळूच जमिनीवर टेकवली. पिशवीत काळं कापड होतं, स्लाइडी गुंडाळून दुकानात न्यायला आणलेलं.

"आली का व माय?" पार्बताआत्या विहिरीकडून पदराला हात पुसत आली. शकुनच्या बाबांची, शालिकरामांची, ही धाकटी बहीण विसाव्या वर्षी विधवा होऊन माहेरी आली, तेव्हापासून घरातलं जड काम तिचंच. "पाय, कशा निंगाल्या! काय मेनचट बसलं व्हतं त्याच्यावर, दुधाच्या सायीवानी. निस्त्या पान्यानं जाये ना. मंग कढत पानी ओतलं, राखेनं घासलं, तवा कोठी निंगालं. सुतकातल्या वस्तू हायेत, तशाच घरात कशा घेवा?"

"ट्रंक कोणी उघडली?"

"म्याच. आज तेरवी नाई का? त्याचं धोतर, बंड्या, सतरंजी, समदं धून टाकलं. त्या चपट्या लाकडी पेट्या व्हत्या ना तीन, सरकत्या झाकनाच्या, त्याच्यात ह्या काचा. दोन-दोन."

"आत्या," शकुन म्हणाली. "सहावी कुठं आहे?"

"ते काय." आत्यानं पडवीकडे बोट केलं.

पडवीत पाटावर शालिकरामांचा फोटो ठेवला होता. फिकट फेटा, आणि आयुष्यभर भिंगातून पाहिलेल्या माणसाचा असतो तसा किंचित बारीक झालेला डावा डोळा. काल बाजारातून चौकट आणताना टांग्यात तिची काच तडकली होती. आता तिथे नवी काच होती. तिच्यात समोरच्या झेंडूच्या माळा दिसत होत्या.

"बरोब्बर बसली," आत्या म्हणाली. "जशी काई मापाचीच देल्ली देवानं."

अय्युबमियाँ विहिरीच्या दगडावर बसले. काचेवरची ती साय म्हणजे काय, हे त्या अंगणात तिघांनाच ठाऊक होतं. त्यांना, शकुनला आणि अजून बाहेर न आलेल्या तिच्या आईला, माणिकबाईला. फोटो घेतल्यावर तो त्या सायीतच झोपलेला असतो. अंधारात, लाल दिव्याशी, औषधाच्या पाण्यात घातला की जागा होतो. त्याआधी उजेडाची एक तिरीप लागली तरी सगळं संपतं. इथं तर ऊन, कढत पाणी आणि राख, तिन्ही झालं होतं.

*

बरोबर तेरा दिवसांपूर्वी शालिकराम अकोल्यात, शकुनच्या दारात, दमणीतून उतरले होते. बार्शीटाकळीकडून आले होते. अंगभर धूळ होती. कॅमेऱ्याची मोठी पेटी त्यांनी गाडीवानाला उचलू दिली नाही, स्वतःच उतरवली. शकुनचे यजमान शाळेत गेले होते. "पानी दे व," म्हणाले आणि ओसरीत भिंतीला टेकून बसले. ती तांब्या भरून आली तेव्हा ते तसेच बसले होते, डोळे उघडे. तिनं तांब्या पुढे केला. तो त्यांनी घेतला नाही. ती आणखी थोडा वेळ तांब्या धरून उभी होती. नंतर कितीदा तरी तिनं तो वेळ मोजायचा प्रयत्न केला होता, आणि दर वेळी तो वेगळा निघायचा.

त्यांना मोर्णा नदीच्या काठी अग्नी दिला. पंजाबकाका धावत आले होते. माणिकबाईला नवऱ्याचं तोंड पाहायला मिळालं नाही. ट्रंक आणि पेटी घेऊन सगळे अमरावतीला, चांदूर बाजारच्या रस्त्यावरच्या या संत्र्याच्या बागेतल्या घरी आले. पहिल्याच दिवशी शकुन म्हणाली होती, स्लाइडी अय्युबचाचांकडे देऊन येते. काका म्हणाले, "सुतकातली वस्तू दुसऱ्याच्या दुकानात नेतं का? तेरा दिवसात काय त्याचे फोटो पळून जाऊन राह्यले?"

त्याच दिवशी दुपारी आईनं तिला एकटीला देवघरात नेलं. देवाच्या डब्याखालून एक पोस्टकार्ड काढून दिलं. बार्शीटाकळीचा शिक्का, बाबांचं अक्षर: सूर्यभानचा पत्ता लागला. फोटो घेऊन येतो. मी येईपर्यंत कोणापाशी बोलू नको.

त्या कार्डावर आई तेरा दिवस जगली होती. आज पगडी होती. तेरवीला घरातल्या मुलाच्या डोक्याला पगडी बांधायची, म्हणजे घर त्याचं झालं. चार वर्षांपूर्वी निघून गेलेल्या शकुनच्या थोरल्या भावाची, सूर्यभानची, वाट कोण पाहणार? भावकीनं पंजाबरावांच्या मुलाचं, भगवंताचं, नाव ठरवलं होतं. माणिकबाई हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. फोटो हातात आला की तो भावकीसमोर ठेवायचा, मग तोंड उघडायचं, असं तिनं मनाशी धरलं होतं.

*

"अय्युबभाऊ आले का?" माणिकबाई आतून आली. पांढऱ्या लुगड्यात ती शकुनला अजून परकी वाटत होती. "जेवनाच्या आदी होईन ना, भाऊ? पगडीच्या आदी पायजे मले."

तिनं शकुनकडे पाहिलं, मग शकुन पाहत होती तिकडे पाहिलं. ओट्याजवळ गेली. एक काच उचलली, उन्हासमोर धरली, आणि तिच्यातून तिला पलीकडची संत्र्याची झाडं जशीच्या तशी दिसली.

"ह्या त्या नोहय," ती म्हणाली.

"त्याच आहेत, माय."

"नाई. ह्या कोऱ्या हायेत. तुह्या बाबानं जादा आनल्या असतीन."

"माय, सहाच होत्या. माझ्याच घरी भरल्या त्यांनी."

माणिकबाईनं काच परत जागेवर ठेवली. ती पडू नये म्हणून खाली बोटभर मातीचा आधारही दिला. मग नणंदेकडे वळली.

"काय केलं बाई तुमी हे?"

"काय केलं?" पार्बताआत्या गोंधळली. "धुतलं. कावून? काई चुकलं का वयनी?"

एवढ्यात पंजाबराव मांडवाच्या बल्ल्या सोडून आले. मोठा आवाज, मोठे हात. थोरला भाऊ कॅमेरा घेऊन हिंडत असताना पंचवीस वर्षं या बागेला पाणी दिलेला माणूस. "काय झालं? पावने येऊन राह्यले अन् तुमी समद्या काचा कायले पाहून राह्यल्या?"

माणिकबाईनं चोळीतून पोस्टकार्ड काढलं आणि दिराच्या हातात दिलं.

पंजाबरावांनी ते आधी मनात वाचलं. मग मोठ्यानं वाचलं. मांडवातली माणसं हातातलं काम सोडून जवळ आली. तिसऱ्यांदा वाचायला घेतलं आणि मध्येच माणिकबाईकडे पाहिलं.

"जिता हाये?" ते म्हणाले. "सूर्यभान जिता हाये?"

"त्याचा फोटो व्हता," माणिकबाई म्हणाली. "त्या काचायवर."

पार्बताआत्याला समजायला थोडा वेळ लागला. तिनं काचांकडे पाहिलं, मग स्वतःच्या हातांकडे. नखांत अजून राख होती. सूर्यभानला तिनं वाढवला होता. माणिकबाईला शकुनच्या वेळी ताप भरला तेव्हा हा दोन वर्षांचा पोर आत्याच्याच कुशीत झोपायचा, आणि पुढेही तिथंच झोपला.

"मी त्याचं तोंड घासलं?" ती म्हणाली. "माह्या हातानं? राखेनं?" ती मटकन खाली बसली. रडली नाही. हात अंगापासून लांब धरून बसली, जसे ते दुसऱ्या कोणाचे असावेत.

"अक्का, तुले कोनं सांगतलं व्हतं त्या ट्रंकेले हात लावाले?" पंजाबराव ओरडले. "जन्मभर हेच! इचारनं नाई, पुसनं नाई, घेतली राख अन् लागली घासाले! ऊठ अठून. आज सैपाकाले हात नोको लावू."

"तिला कशाला बोलता, काका?" शकुन म्हणाली. "तिला माहीतच नव्हतं."

"माईत नव्हतं?" ते थबकले. कार्ड उलटून त्यांनी शिक्क्यावरची तारीख पाहिली. आवाज एकदम खाली आला. "अन् मले? मले तरी कोठी माईत व्हतं? वयनी, हे कार्ड तुमच्यापाशी तेरा दिवसापासून हाये?"

"हाये."

"मी भाऊले आग देऊन आलो. तुमच्यासमोर बसलो. भावकीनं भगवंताचं नाव काढलं तवा मी मान खाली घालून बसलो, का माह्या तोंडातून पोराचं नाव नाई निंगालं पायजे. अन् तुमी कार्ड दाबून बसल्या. कायले? मी पोराच्या डोक्याले पगडी बांधाची म्हनून पुतन्याले परत येऊ देल्लं नसतं?"

माणिकबाई गप्प राहिली असती तर बरं झालं असतं. पण ती म्हणाली, "मले भेव वाटलं."

"माहं?"

"तुमचंच, भावजी."

पंजाबरावांनी आजूबाजूला पाहिलं. सोयऱ्यांपैकी कोणी नजर दिली नाही. "बरं," ते म्हणाले. "आता मंग माह्यंबी ऐका. या कागदावर कोनी पगडी थांबवत नाई. पोरगं जितं हाये त कोठी हाये? कोनी पाह्यलं? फोटो हाये का?" आणि मग, त्यांना स्वतःलाही नको असताना, पुढचं वाक्य आलं. "अन् त्याले मी नव्हतं हाकललं. त्याच्या बापानं मारलं व्हतं. चार मानसात."

चार वर्षं या घरात हे वाक्य कोणी बोललं नव्हतं.

*

चिखलदऱ्याला घडलं होतं ते. कड्याच्या टोकावर तीन पायांच्या तिकाटण्यावर मोठा कॅमेरा लावलेला, आणि तिकाटण्याचा पेच आवळायचं काम सूर्यभानचं. त्यानं तो अर्धाच आवळला. वारा आला, पेटी कलंडली. ती त्यानं धरली, पण पुढचं पितळी भिंग फळीसकट निसटून दरीत गेलं. शालिकरामांनी विलायतेहून मागवलेलं, सहा महिने वाट पाहिलेलं भिंग. उन्हाळ्याला आलेली नागपूरची साहेब मंडळी पाहत होती. त्यांनी मुलाच्या थोबाडीत मारली. बावीस वर्षांच्या मुलाच्या. संध्याकाळी तो डेऱ्यात परतला नाही. दुसऱ्या दिवशी नाही, आणि मग नाहीच.

मोठी पेटी माळ्यावर गेली. भिंगावाचून ती आंधळीच होती, आणि शालिकरामांनी दुसरं भिंग घेतलं नाही. त्याऐवजी हातात मावणारा, घडीचा, रिळाचा कॅमेरा घेतला. पट्टा गळ्यात अडकवला, झाकण उघडलं की झाला तयार. चालत्या माणसाचा फोटो उभ्या उभ्या निघायचा. तो घेऊन ते माहूरला गेले, कारंज्याला गेले, लोणारला तीनदा गेले, रिद्धपूरच्या यात्रेला गेले. फोटो वहीत चिकटवायला अकोल्याला शकुनकडे द्यायचे. एकदा ती चिडून म्हणाली होती, "बाबा, लोणारचं तळं कुठं आहे यात? नुसती माणसंच. तीही अर्धी पाठमोरी." तिला वाटलं होतं बाबांची नजर गेली. डोंगर कोपऱ्यात दाबलेले, देवळाचा कळस कापलेला. ते म्हणाले, "मानसंच पायजे मले."

आणि या शेवटच्या खेपेला त्यांनी माळ्यावरची मोठी पेटी खाली काढली. बार्शीटाकळीला जुनं देऊळ आहे, त्याचं कोरीव काम टिपायचं, म्हणाले. देवळासाठी मोठा कॅमेराच हवा, हे घरात सगळ्यांना पटलं. जाताना अकोल्याला शकुनच्या कोठीत त्यांनी काचा भरल्या. खिडकीच्या फटीत गोधड्या कोंबल्या, ती बाहेरून दार दाबून उभी. बाहेर आल्यावर तिनं विचारलं, "सहाच? देवळाला डझन तरी नेता तुम्ही."

"एकाच जागेचे काढाचे हायेत. सहातून एक तरी साजरा निंगाव."

"आणि हातकॅमेरा?"

"घरी हाये."

"भिंग नवं घेतलंत?"

"जुनंच हाये," ते म्हणाले. "सापडलं." आणि काळं कापड घडी करत राहिले. त्यांना फार बोलायला आवडत नसे, म्हणून तिनंही पुढे विचारलं नाही.

*

"बेटा, इकडे ये जरा." अय्युबमियाँ तिला बागेत घेऊन गेले. आंबिया बहाराची फळं झाडांवर लिंबाएवढी झाली होती. मांडवातले आवाज इथं बारीक यायचे. ते एका झाडाशी थांबले.

"भाऊनं काय लिवलं ते कार्डात!" ते म्हणाले. "मले माहीत असतं त मी पहिल्याच दिवशी आलो असतो. मले वाटलं, भाभीले काईच माईत नाई. आज काचा नेईन, फोटो बनवीन, मग तुले बोलावीन, असं ठरवलं व्हतं."

"चाचा, सूर्यभानला तुम्ही पाहिलं?"

"नाई बेटा." त्यांनी टोपी काढली. "दोन महिने झाले. बार्शीटाकळीपल्याडचा ताहेर म्हनून एक बागवान मिर्चीचं रोप घ्याले अमरावतीले आला व्हता. माह्या दुकानात शिरला. रुमालातून एक पितळी भिंग काढून टेबलावर ठेवलं. मी पाहताच ओळखलं. मीच त मागवून देल्लं व्हतं."

शकुननं झाडाची फांदी धरली.

"पोरगं दरीत उतरलं व्हतं, शकुन. मार खाऊन पळालं नाई थो. भिंग आनाले खाली उतरला. किती दिवस धुंडलं अल्ला जाने. सापडलं त काठाले तडकलेलं. मग वर यायची लाज वाटली असन. ताहेरकडे दोन वर्सं राह्यला, मोट हाकली, भाजी लावली. बापाचं नाव नाई सांगतलं कधी. दोन वर्सामांगं हैज्याची साथ आली त्या गावात. मरताना बोलला, हे अमरावतीले अय्युब फोटोवाल्याले देजा. ताहेरले दोन वर्सं येनंच नाई झालं."

शकुनला फक्त वहीतली पानं दिसत होती. माहूर, कारंजा, लोणार, रिद्धपूर. गर्दीतल्या माना, फेटे, पाठी. तो मुलगा दोन वर्षं राखेत होता, आणि बाबा यात्रेयात्रेत पाठमोऱ्या पोरांमागे धावत होते.

"मी अन् भाऊ बसत होतो दुकानात," अय्युबमियाँ म्हणाले. "एकेक चेहरा भिंगातून पाहत होतो. कोनाले बोलू नोका म्हने."

"मग त्या काचांवर काय होतं?"

"ताहेरनं विहिरीपाशी, निंबाच्या खाली, एक छोटा ओटा बांधला हाये. त्याच्या नावाचा. भाऊनं ठरवलं, त्याच भिंगानं त्याचा फोटो काढाचा. म्या म्हटलं, तडकलं हाये, चांगला येनार नाई. म्हने, भिंगाचं भोक बारीक करतो, तडा काठाले हाये, मधली काच साबूत हाये. उजेड कमी पडन, दहा मोजाले लागतीन. म्हने, तठी कोन हालनार हाये? म्हने, अय्युब, माणिकले हे माह्यानं तोंडानं सांगनं होत नाई. फोटो दाखवतो. थो पाहून तिले समजन."

पाहुण्यांच्या गाड्या फाटकाशी थांबल्याचा आवाज आला. पगडीला तासाभराचा अवकाश होता.

"आता तूच पाय," अय्युबमियाँ म्हणाले. "मी तोंड बंद ठेवलं त भाभी जिंदगीभर दाराकडे पाहीन. अन् ते पार्बताबाई जिंदगीभर आपल्या हाताकडे पाहत बसन. सांगतलं त..." ते थांबले. "मी परका मानूस. मी नाई सांगू शकत, बेटा."

*

माणिकबाई बाबांच्या खोलीत होती. खुंटीवर हातकॅमेरा पट्ट्यानं लटकत होता. खाली सतरंजीवर मोठी पेटी आणलेली, आणि तिचं पुढचं भिंग काढून आईनं मांडीवर घेतलं होतं. गेली तीस वर्षं पेटी तीच भरत आली होती. कोणतं कापड कुठे, कोणता पेच कशाचा, हे तिला बाबांपेक्षा पक्कं माहीत होतं. ती स्वतः मात्र कधी बडनेऱ्याच्या पलीकडे गेली नव्हती.

शकुन दारात उभी राहिली. बागेतून येताना तिनं पहिलं वाक्य जुळवलं होतं. ते आता आठवेना.

"माय, अय्युबचाचा..."

"तू काई सांगू नोको," माणिकबाई म्हणाली. "बस."

शकुन बसली.

"निंगताना मी हा त्यायच्या गयात घालाले गेली," आईनं खुंटीकडे मान केली. "त म्हने, राहू दे, आता त्याचं काम नाई. मी म्हटलं, काहून? त बोलले नाई. मंग कार्ड आलं, तवा मले वाटलं, पोरगं सापडलं, म्हनून काम नाई. तेरा दिवस मी तेच धरून बसली. पन रातच्याले दुसरंबी मनात ये. ते मी येऊ देत नव्हती."

तिनं भिंग उजेडाकडे धरलं. काठापासून एक तडा आत आला होता, केसाएवढा.

"हे दरीत पडलं व्हतं ना? आज सुतक फिटलं तवा मी पेटी पाह्यली, अन् हे दिसलं. हे वर कोनं आनलं असन? त्याच्याबिगर कोन उतरते तठी? मंग मी म्हटलं, भिंग घरी आलं." ती थांबली. "अन् थो नाई आला. जिता असता त हे दुसऱ्याच्या हाती देल्लं असतं का त्यानं? सोता आला असता. बापापुढं आपटलं असतं. म्हनला असता, घ्या तुमचं भिंग. तसाच व्हता ना थो?"

"हो," शकुन म्हणाली. "तसाच होता."

"तरी मी अय्युबभाऊची वाट पाह्यली. म्हटलं, काचा बोलतीन ते खरं. माह्या मनाचं खोटं." तिनं भिंग लेकीच्या हातात दिलं. "किती दिवस झाले?"

"दोन वर्षं."

"उशापाशी कोन व्हतं त्याच्या? जवळ कोनी व्हतं?"

"होतं. ताहेर म्हणून एक बागवान. त्यांच्याकडेच राहत होता. त्यांनी ओटा बांधलाय, माय. बाबा त्याचाच..."

माणिकबाईनं मान हलवली. पुष्कळ वेळा हलवली. मग गुडघ्यावर हात टेकून उठली. शकुन तिला धरायला पुढे झाली, पण तिला धरावं लागलं नाही.

बाहेर मांडवात पत्रावळींची पंगत लागत होती. फोटोपुढे मृताचं पान मांडायचं होतं आणि ते कोणी मांडायचं यावरून बाया एकमेकींकडे पाहत होत्या, कारण दरवर्षी, दर कार्याला, पानं पार्बताबाईच मांडायची. ती विहिरीशी एकटी बसली होती. कोणी तिच्याशी बोललं नव्हतं. पंजाबराव मांडवाच्या खांबाला पाठ लावून उभे होते, पोस्टकार्ड अजून मुठीत.

माणिकबाई आधी त्यांच्यापाशी गेली.

"भावजी, पगडी भगवंताले बांधा. माही ना नाई."

"वयनी, मी रागात बोललो." त्यांचा चेहरा उतरला. "थांबवू आपन. दोन मानसं धाडतो बार्शीटाकळीले. मी सोता जातो. पोरगं सापडन..."

"सापडलं, भावजी," ती म्हणाली.

पंजाबरावांनी अय्युबमियाँकडे पाहिलं. ते टोपी हातात धरून उभे होते. मग शकुनच्या हातातल्या भिंगाकडे पाहिलं. ते भिंग दरीत जाताना तेही तिथं होते. त्यांनी खांब सोडला आणि खालीच बसले, धोतर मातीत आहे याची शुद्ध न ठेवता.

माणिकबाई विहिरीकडे गेली. "बाई, उठा. पान मांडाचं हाये."

"माह्या हातचं नोका मांडू वयनी," पार्बताआत्या म्हणाली. "हे हात..."

"तुमच्याच हातचं. तुमी काई पुसलं नाई. थो नव्हता त्याच्यावर." माणिकबाईनं तिचे राखेचे हात आपल्या हातात घेतले, आणि तेरा दिवसांत पहिल्यांदा तिचा आवाज फाटला. "उठा. दोन पानं घ्या."

"दोन?"

पार्बताआत्या वहिनीच्या तोंडाकडे पाहत राहिली. शकुनला वाटलं, आता ती किंचाळेल, अंगण दणाणून सोडेल. पण ती उठली. बादलीतून पाणी घेऊन कोपरापर्यंत हात धुतले. पत्रावळींच्या ढिगातून दोन काढल्या, एकेक करून पदरानं पुसल्या, आणि पडवीत येऊन पहिली शालिकरामांच्या फोटोपुढे मांडली. दुसरी हातात धरून ती वळली. मांडवातली सगळी माणसं उभी राहिली होती.

"भाऊच्या बाजूले मांडू का?" तिनं विचारलं.

"बाजूले नोको," माणिकबाई म्हणाली. "समोर मांडा. चार वर्सं झाली, दोघायनं एकमेकायचं तोंड पाह्यलं नाई."